शुश्रूषा करणाऱ्या हातांची निगा

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानिमित्ताने आठवडाभर रुग्णालयात मुक्काम करावा लागला. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला वाचन फारसे सुचत नाही; तो येणाऱ्याजाणाऱ्यांचे निरीक्षण करू लागतो. बँकेतील सेवेची बरीच वर्षे मी तपासणी विभागात काढली असल्याने ही सवय तर माझ्या हाडीमाशी खिळलेली आहे.

रात्रपाळीला येणारी परिचारिका पंचविशीतली होती. खाटेजवळ आली की पायथ्याशी अडकवलेल्या बाटलीतील सॅनिटायझर ती हातावर घ्यायची, दोन्ही हात नीट चोळायची आणि मगच रुग्णाला स्पर्श करायची. नियम चोख पाळला जात होता. परंतु ते द्रावण हाताला लागताच तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटणारी वेदना माझ्या नजरेतून सुटली नाही. बोटांच्या सांध्यांवर बारीक भेगा, बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे आणि मनगटापर्यंत कोरडी, खरखरीत कातडी असे तिचे हात झाले होते. तिसऱ्या रात्री न राहवून मी विचारले,

“सिस्टर, हाताला काही लागलं आहे का?”

“नाही हो काका. थंडीत असंच होतं. हे लावलं की झोंबतं, पण लावावं तर लागतंच.”

जरा थांबून ती म्हणाली, “खरं सांगू का काका? पहाटे तीन-चार वाजता इतकी आग होते, की एखाद्या वेळी लावूच नये असं वाटतं.”

तिच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदरच वाटला. पण त्याबरोबर पोटात गोळाही आला. माझ्या पत्नीच्या गुडघ्यात नवा सांधा बसविलेला होता. अशा सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर कधी कधी तो काढून टाकण्याचीही वेळ येते, हे शल्यचिकित्सकांनी आम्हांस आधीच समजावून सांगितले होते. तो संसर्ग होतो की नाही, हे ज्या अनेक गोष्टींवर अवलंबून होते, त्यांतील एक गोष्ट म्हणजे पहाटे तीन वाजता या मुलीच्या बोटांना किती झोंबते आहे, ही होती. घरी परतल्यावर या विषयावर मिळेल ते वाचले, आमच्या नात्यातील एका त्वचारोगतज्ज्ञाला भंडावून सोडले आणि जे हाती लागले ते या महिन्याच्या सदरात आपणांपुढे ठेवीत आहे.

व्हिएन्नातील दोन प्रसूतिकक्ष

वैद्यकात हात धुण्याची कथा ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयापासून सांगितली जाते. १८४० च्या दशकात तेथे प्रसूतीचे दोन कक्ष होते. पहिल्या कक्षात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणीचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रिया. पहिल्या कक्षात बाळंतज्वराने दगावणाऱ्या मातांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. दुसऱ्यात ते शेकडा चाराहून कमी होते. शहरातील गरीब स्त्रियांनाही हा फरक ठाऊक होता, आणि पहिल्या कक्षात दाखल करू नका म्हणून त्या अक्षरशः विनवण्या करीत.

इग्नाझ सेमेलवाइस हा हंगेरीत जन्मलेला तरुण डॉक्टर पहिल्या कक्षात साहाय्यक होता. १८४७ मध्ये त्याचा मित्र कोलेच्का हा शवविच्छेदनाच्या वेळी चाकूची जखम होऊन मरण पावला. त्याच्या शरीरातील विकृती बाळंतज्वराने मेलेल्या स्त्रियांसारख्याच होत्या. सेमेलवाइसला उलगडा झाला. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत होते आणि मृत्यूचे बीज त्यांच्या हातांवरून येत होते. सुईणी शवविच्छेदन करीत नसत, म्हणून त्यांच्या कक्षात मृत्यू कमी होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यापासून त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. हा चुना म्हणजे आपण विहिरीत टाकतो ती ब्लीचिंग पावडरच. एप्रिलमध्ये शेकडा अठरावर गेलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनच्या जवळ आले.

असे असूनही त्याच्या म्हणण्याला तत्कालीन वैद्यकविश्वाने मान दिला नाही. आपल्याच हातांनी रुग्ण दगावले, हे मान्य करणे कोणत्याही डॉक्टरला जड जाणारच. शिवाय जंतूंचे शास्त्र तेव्हा उदयास यावयाचे होते. १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात सेमेलवाइसचा अंत झाला, तेव्हा तो अवघा सत्तेचाळीस वर्षांचा होता. ही शोकांतिका पुष्कळ वेळा सांगितली जाते. तिच्यातील एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात दिवसातून अनेक वेळा हात बुडविणाऱ्यांच्या कातडीचे काय होत असेल, याची कल्पना ज्याने घरात एकदा तरी पाण्याची टाकी धुतली आहे त्याला सहज करता येईल.

एका परिचारिकेचे हातमोजे

हातांच्या कातडीचा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला, तो अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी. १८८९ मध्ये तेथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. जोसेफ लिस्टर याने १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाच्या साहाय्याने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती आणि तोवर शस्त्रक्रियेपूर्वी हात निर्जंतुक करण्याची रीत चांगल्या रुग्णालयांत रुळू लागली होती. हॉपकिन्समध्ये विल्यम हॅल्स्टेड या शल्यचिकित्सकाचा शिरस्ता फार कडक होता. प्रथम साबणाने हात घासावयाचे, मग पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण, मग ऑक्झॅलिक आम्ल आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा एक जहाल क्षार.

त्याच्या शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन ही अत्यंत कार्यक्षम होती. १८८९-९० च्या हिवाळ्यात तिने तक्रार केली, की या द्रावणांमुळे तिच्या हातांना आणि बाहूंना त्वचादाह झाला आहे आणि काम करणे अशक्य होत आहे. असली गुणी साहाय्यक गमावणे हॅल्स्टेडला परवडणारे नव्हते. त्याने न्यूयॉर्कमध्ये गुडइयर रबर कंपनीकडे तिच्यासाठी पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड प्रयोगादाखल बनवून मागितले. प्रयोग यशस्वी झाला आणि आणखी मोजे मागविण्यात आले. १८९० मध्ये हॅल्स्टेड आणि हॅम्प्टन यांचा विवाह झाला, म्हणून ही हकीकत प्रेमकथा म्हणूनच अधिक सांगितली जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. हे मोजे आणले गेले ते परिचारिकेची कातडी वाचावी म्हणून. रुग्णाच्या संसर्गाचा विचार तेव्हा त्यामागे नव्हता. हळूहळू इतर साहाय्यकही ते घालू लागले. पुढे हॅल्स्टेडचाच शिष्य जोसेफ ब्लडगुड याने शस्त्रक्रिया करणाऱ्यांसह सर्वांनी मोजे घालण्याचा प्रघात पाडला आणि १८९९ मध्ये हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातून दिसले, की मोज्यांच्या वापरानंतर जखमा पिकण्याचे प्रमाण ठळकपणे घटले होते. एका परिचारिकेच्या हातांची काळजी घेतली आणि तिचा लाभ पुढे जगभरातील असंख्य रुग्णांना झाला. सेवा करणाऱ्याची त्वचा आणि सेवा घेणाऱ्याचा जीव ही एकाच खात्याची दोन पाने आहेत, हे या घटनेइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

त्वचेचा जमाखर्च

आता थोडे शास्त्र. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर हा मृत पेशींचा असतो. हाताच्या पाठीवर तो कागदापेक्षाही पातळ आहे. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी समजावी. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. हा चुना शाबूत असेल तोवर आतील ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरत नाहीत. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि हे आम्लत्वही रोगजंतूंना थोपवून धरण्यास मदत करते.

साबणाचे कामच मुळी तेलकटपणा काढण्याचे. हातावरचा मळ आणि जंतू काढताना तो भिंतीतील चुनाही थोडा थोडा घेऊन जातो. नेहमीची वडी क्षारधर्मी असल्याने त्वचेचे आम्लत्वही काही काळ बिघडते. त्यात पाणी कढत असेल तर हानी वाढते. बोअरवेलचे जड पाणी असेल तर साबणाचा अंश कातडीवर चिकटून राहतो. थंडीतील कोरडी हवा उरलेले काम पुरे करते.

त्वचा ही झीज भरून काढते, परंतु तिला वेळ लागतो. वरच्या थराला इजा झाल्यानंतर पहिल्या सहा तासांत साधारण निम्मी दुरुस्ती होते. ती पूर्णत्वास जाण्यास मात्र पाच-सहा दिवस लागतात. आता परिचारिकेच्या कामाकडे पाहा. अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी बारा तासांच्या पाळीत हात स्वच्छ करण्याचे प्रसंग शंभरापर्यंतही जाऊ शकतात. पाळीत तीस वेळा असा मध्यम आकडा धरला, तरी महिन्याच्या पंचवीस पाळ्यांत साडेसातशे वेळा होतात. जमा होण्यापूर्वीच रक्कम काढली जात असेल तर खात्याची काय गत होते, हे व्यापारी वाचकांना सांगावयास नको.

याचा परिणाम म्हणजे ज्याला आपण बोलीभाषेत हाताचा इसब म्हणतो तो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेसंबंधी जी सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत सुमारे चौथा हिस्सा परिचारिकांच्या हातांवर त्वचादाहाची लक्षणे आढळतात, आणि कधी ना कधी असा त्रास झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत जाते, असे नमूद आहे. कोविडच्या आरंभी चीनच्या हुबेई प्रांतात ५४२ आरोग्यसेवकांची पाहणी झाली. त्यांतील ९७ टक्के जणांच्या त्वचेला संरक्षक साधनांमुळे व वारंवार हात धुण्यामुळे इजा झालेली होती, आणि सुमारे तीन चतुर्थांश जणांची इजा हातांवर होती.

ही केवळ सौंदर्याची किंवा गैरसोयीची बाब नव्हे. भेगाळलेल्या कातडीवर रोगजंतूंना आसरा मिळतो. विशेषतः जखमा पिकविणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू अशा हातांवर ठाण मांडून बसतो आणि धुऊनही सहजी जात नाही. दुसरी बाजू तर आमच्या सिस्टरने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. ज्याला झोंबते तो टाळू लागतो. हात धुण्याच्या नियमाने कातडी खराब होते, खराब कातडीमुळे नियम टाळला जातो, आणि त्याची किंमत तिसराच कोणी, म्हणजे खाटेवरचा रुग्ण, चुकवितो.

साबण बरा की सॅनिटायझर?

बहुतेकांची, आणि पुष्कळ परिचारिकांचीही, समजूत अशी असते, की साबण सौम्य आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर कातडी जाळणारे. माझीही तीच होती. अभ्यासांतून दिसलेली वस्तुस्थिती बव्हंशी उलट आहे. साबण आणि पाणी मिळून त्वचेची स्निग्धता धुऊन गटारात नेतात. अल्कोहोल ती काही प्रमाणात विरघळवते खरे, परंतु वाहून नेत नाही. द्रावण हातावरच वाळते. शिवाय चांगल्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते आणि ते ओलावा धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल म्हणजेच ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. दुसऱ्यात इथेनॉलऐवजी ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आहे. २०२० मध्ये आपल्याकडील साखर कारखान्यांनीही सॅनिटायझर बनविले, हे अनेकांना स्मरत असेल.

मग झोंबते का? कातडीला आधीच भेगा पडलेल्या असतात म्हणून. भेगा बहुधा साबणाने पाडलेल्या असतात आणि दोष मात्र अल्कोहोलच्या माथी येतो. झोंबते म्हणून परिचारिका पुन्हा साबणाकडे वळते आणि भेगा अधिक खोल होतात. कित्येकजण सॅनिटायझर लावल्यावर लगेच साबणानेही हात धुतात. ही दुहेरी सवय त्वचेला सर्वांत घातक आहे आणि बहुतेक वेळा तिची काही आवश्यकताही नसते.

साबण-पाणी अपरिहार्य असते ते प्रसंग निश्चित आहेत. हात डोळ्यांना दिसेल इतके मळलेले असतील, रक्त किंवा अन्य स्राव लागलेला असेल, अथवा रुग्णाला काही विशिष्ट जंतूंमुळे जुलाब होत असतील, तर हात धुतलेच पाहिजेत. कारण अशा काही जंतूंच्या बीजाणूंना अल्कोहोल दाद देत नाही. धुण्याला ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझर चोळण्याला २० ते ३० सेकंद द्यावेत, अशी शिफारस आहे. हे केव्हा करावे, त्याचे पाच क्षणही ठरलेले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरस्रावाशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते यांनी खाटेजवळ सॅनिटायझरच्या बाटल्या ठेवून मोहीम राबविली. १९९४ ते १९९७ या काळात नियम पाळण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. जगात अनेक ठिकाणी खाटेला बाटली लटकलेली दिसते, तिच्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

हातमोजे : आधार आणि अडचण

कॅरोलाइन हॅम्प्टनचे हात मोज्यांनी वाचविले. तथापि मोजे हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नाही. दीर्घकाळ मोजे घातल्यास आत घाम साचून कातडी भिजते आणि भिजलेली कातडी लवकर फाटते. ओल्या हातावर मोजे चढविणे तर फारच वाईट, कारण साबणाचा किंवा द्रावणाचा अंश आत कोंडला जातो. मोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात, म्हणून ते काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एड्सच्या भीतीने मोज्यांचा वापर एकाएकी वाढला, आणि त्याबरोबर नैसर्गिक रबरातील प्रथिनांची ॲलर्जीही वाढली. मोजे सहज चढावेत म्हणून आत घातलेली मक्याच्या स्टार्चची भुकटी ही प्रथिने हवेत पसरवी. या व अन्य धोक्यांमुळे २०१७ पासून अमेरिकेत वैद्यकीय वापराच्या भुकटीयुक्त मोज्यांवर बंदी आली. रबराला बळकटी देण्यासाठी वापरलेल्या काही रसायनांचीही ॲलर्जी होऊ शकते आणि ती कृत्रिम रबराच्या मोज्यांतही आढळते. म्हणून एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आणि सर्वांत स्वस्त मोजे सर्वांसाठी घेणे, ही नेहमी काटकसर ठरतेच असे नाही.

ओळखावे कसे, करावे काय?

आरंभ बहुधा बोटांच्या बेचक्यांपासून किंवा अंगठीखालून होतो, कारण तेथे साबण अडकून राहतो. कोरडेपणा, लाली, खाज, पापुद्रे आणि मग भेगा असा क्रम असतो. सुटीत बरे वाटते आणि कामावर रुजू होताच पुन्हा त्रास सुरू होतो, ही या दुखण्याची मोठी खूण. आमच्या नातलग डॉक्टरांनी सांगितलेले उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

हात कोमट किंवा साध्या पाण्याने आधी ओले करावेत आणि मग साबण घ्यावा. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावेत आणि घासून न पुसता टिपून कोरडे करावेत. ड्यूटीवर अंगठ्या घालू नयेत. हात मळलेले नसतील तेथे साबणाऐवजी सॅनिटायझर वापरावे, आणि ते पूर्ण वाळल्याखेरीज मोजे घालू नयेत. पाळीच्या आरंभी, मधल्या सुटीत आणि शेवटी सुगंधविरहित क्रीम लावावे. बोटांची टोके आणि बेचके त्यात राहून जाऊ नयेत. रात्री निजण्यापूर्वी पेट्रोलियम जेलीसारखे घट्ट मलम लावून वर सुती मोजे घालावेत. ड्यूटीवर रबरी मोज्यांच्या आत मात्र जेली वापरू नये, कारण तिने रबर कमकुवत होते. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ॲलर्जी कशाची हे ‘पॅच टेस्ट’ने कळू शकते.

एक सूचना औषधांच्या दुकानदार बांधवांसाठी. आपल्या समाजात हा व्यवसाय करणारे पुष्कळ आहेत. खाज म्हटली की स्टेरॉइडमिश्रित मलमाची ट्यूब चिठ्ठीवाचून काढून देण्याची रीत बंद व्हावयास हवी. तिने दोन दिवस बरे वाटते. पण दीर्घकाळ वापरल्यास कातडी आणखी पातळ होते, आणि ज्या कातडीवर दिवसाकाठी तीस वेळा साबण किंवा सॅनिटायझर लागणार आहे तिला हे परवडणारे नाही.

विश्वस्त वाचकांस विनंती

एवढे वाचल्यावर मला जे राहून राहून वाटते ते सांगतो. २००० साली अमेरिकेत एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. हातांना तीव्र त्रास असलेल्या आरोग्यसेवकांना ठरावीक वेळी स्निग्ध लोशन लावावयास दिले. त्यांची कातडी सुधारलीच, शिवाय त्यांचे हात धुण्याचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. कोणताही दंड नाही, फलक नाही, नजर ठेवणारा कॅमेरा नाही. झोंबणे थांबले आणि नियम आपोआप पाळला जाऊ लागला.

आपल्यापैकी अनेकजण रुग्णालयांच्या, दवाखान्यांच्या किंवा प्रसूतिगृहांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. अनेक कुटुंबांनी पूर्वजांच्या स्मरणार्थ खाटा, यंत्रे, रुग्णवाहिका दिल्या आहेत. या देणग्यांचे मोल कमी नाही. परंतु अंदाजपत्रकाच्या बैठकीत ‘कर्मचाऱ्यांसाठी हातांचे क्रीम’ अशी एक ओळ किती ठिकाणी असते? मी हिशेब तपासणारा माणूस. खर्चाची सवय नाही. तरीही या खर्चावर मी डोळे मिटून सही करीन. क्रीमचा एक पंप प्रत्येक परिचारिका कक्षात, टिपण्यासाठी मऊ कागदी रुमाल, सौम्य द्रवसाबण, ग्लिसरीनयुक्त सॅनिटायझर, दोन-तीन मापांचे भुकटीविरहित मोजे, आणि वर्षातून एकदा सर्वांच्या हातांची त्वचातपासणी. एक अनुभवी परिचारिका हातांच्या दुखण्याने रजेवर गेली, किंवा एका रुग्णाची जखम चिघळून त्याचा मुक्काम आठ दिवसांनी वाढला, तर होणारा खर्च यासमोर मांडून पाहावा.

खरेदीचा निर्णय होण्यापूर्वी नमुने परिचारिकांच्या हाती द्यावेत आणि त्यांचे मत घ्यावे. वॉर्डातील मावशी आणि सफाई कामगार यांना या यादीतून वगळू नये. फिनाइलच्या पाण्यात ज्यांचे हात दिवसभर असतात त्यांची तक्रार तर कोणी विचारीतही नाही. हेच आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या हातांनाही लागू आहे.

रुग्णाच्या नातेवाइकांसही एक सांगणे आहे. परिचारिकेने हात स्वच्छ केलेले दिसले नाहीत, तर विचारण्यात काही गैर नाही. मात्र त्यात दरडावणी नसावी. “सिस्टर, हात सॅनिटाइझ केलेत ना?” एवढे पुरे. आणि तिचे हात भेगाळलेले दिसले तर तेही विचारावे. जमल्यास व्यवस्थापनाच्या अभिप्रायपुस्तिकेत दोन ओळी लिहाव्यात. तक्रारी लिहिण्यासाठी आपण ती पुस्तिका आवर्जून मागतो. अशा कारणासाठी सहसा कोणी मागत नाही.

असो. आमच्या सौभाग्यवती आता काठीवाचून जिना चढतात. घरी येण्याच्या दिवशी मी त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना भेटून वरील गोष्टींपैकी काही सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ‘पाहतो’ म्हणाले. बँकेत ‘पाहतो’चा अर्थ काय असतो हे मला चांगले माहीत असल्याने, पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मुद्दाम त्या मजल्यावर डोकावलो. बेसिनशेजारी क्रीमची एक बाटली होती, निम्मी संपलेली. आमच्या सिस्टर त्या दिवशी रजेवर होत्या, त्यामुळे त्यांच्या हातांची प्रगती मात्र कळू शकली नाही.

आपल्या परिचयातील रुग्णालयात अशी सोय आहे का, हे वाचकांनी जरूर पाहावे आणि संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. आलेल्या पत्रांतील उपयुक्त मजकूर पुढील अंकात याच सदरातून देण्याचा मानस आहे.